मागं पायडल मारू नका, गुरुजी

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी ६३ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुक्काम नंदगड, तालुका खानापूर. ऑगस्टअखेर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलीकडं नेदरलँड्सला चाललोय. ती एडे नावाच्या गावात असते (नावाला हसू नये, आम्ही हसून झालो आहोत). तिथून जवळ एक मोठं राखीव जंगल आहे. त्यात मोटारींपासून वेगळ्या सायकलच्या वाटा आहेत, सगळं सपाट आहे आणि सायकली फुकट मिळतात. मुलगी म्हणते, 'बाबा, एक अख्खा दिवस तिथं सायकल मारूया, वीसेक किलोमीटर.' मी शेवटची सायकल १९९४ साली चालवली, मग लूना आली. गुडघे थोडे कुरकुरतात. चार महिने हातात आहेत. सराव कुठं करू? आमच्या रस्त्यावर मोसमात उसाचे ट्रॅक्टर आणि वर्षभर खडीचे टिप्पर. तिथल्यासारखं जंगल हवं म्हणून भीमगडच्या बाजूला, हेम्मडग्याच्या रस्त्यानं जावं असं मनात आहे. हिला सायकल येत नाही, ती मुलीच्या कारमधून येईल. योग्य मार्गदर्शन व्हावे."

गुरुजी, नमस्कार.

भीमगड नको. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. २०११ पासून ते अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटरचं. रस्ता सोडून आतल्या वाटेला वळलात की वनखात्याची परवानगी लागते, आणि सायकलचा हात बसवायला ती मागणं काही शोभायचं नाही. तुम्ही खानापूर तालुक्यात जन्म काढलाय, अस्वल म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगू! पण सायकलवरच्या माणसाला अस्वल पायी चालणाऱ्यापेक्षा जास्त का नडतं, ते सांगतो. सायकल आवाज करत नाही आणि चालीपेक्षा तिप्पट वेगानं येते. मोटारसायकल येतेय हे जनावराला लांबून कळतं, ते बाजूला होतं. सायकल वळणावर एकदम पुढ्यात उभी राहते. दचकलेलं अस्वल अंगावर येतं. वर त्या रस्त्याला चढउतार आहेत, तीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना ते पहिल्याच दिवशी सुट्टी देतील.

तुमच्या पत्रात ओढ जंगलाची दिसते, पण खरी धास्ती मागून येणाऱ्या टिप्परची आहे. सरावासाठी तो एकटा टाळला तरी भागतं. तो टाळायला जंगलात जावं लागत नाही, तुमच्या जुन्या शाळेत जावं लागतं. त्याकडं येतो.

आधी ते पार्क. मी तिथं एकदाच गेलोय, सप्टेंबरात, भाच्याकडं राहायला गेलो असताना. नाव 'दे होखे वेलुवे'. लिहिताना 'ग', म्हणताना 'ख', आणि तोही घसा खाकरल्यासारखा. होखे म्हणजे उंच. आता उंच म्हणजे किती, तर अख्ख्या वेलुवे भागातला सगळ्यात वरचा माथा ११० मीटरच्या आसपास, आणि आपलं बेळगाव शहरच साडेसातशे मीटरवर वसलंय. यळ्ळूरचा गड त्या लोकांना दाखवला तर त्याला ते पर्वत म्हणतील. पार्क साधारण ५,४०० हेक्टरचं, म्हणजे ५४ चौरस किलोमीटर. आपलं भीमगड त्याच्या साडेतीन पट भरेल. तिकीट काढून आत जायचं. आत ४० किलोमीटरच्या वर सायकलच्या पक्क्या वाटा आहेत. मोटारींना अगदीच बंदी नाही, जास्तीचे पैसे भरून त्या आत येतात, पण त्यांचा रस्ता वेगळा आणि सायकलची वाट वेगळी. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथं वाटेवर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसतील. तिकडं त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. दातांची टोकं तुमच्याकडं असली तर थांबायचं तुम्ही, समोरच्यानं नाही. हे एवढं पाठ करून जा.

हे जंगल मुळात एका धनिक जोडप्याचं. क्र्योलर नावाच्या व्यापाऱ्यानं १९०९ पासून तिथली जमीन घ्यायला सुरुवात केली, त्याला शिकारीसाठी हवी होती. बायको हेलेनला चित्रं गोळा करायचा नाद. तिच्या संग्रहाचं म्युझियम १९३८ साली जंगलाच्या मधोमध उघडलं. व्हॅन गॉगची जवळजवळ नव्वद तैलचित्रं तिथं आहेत. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेव्हा मुलीला सोमवार सोडून रजा काढायला सांगा.

आणि त्या फुकट सायकली. पांढऱ्याशुभ्र, सगळ्या सारख्या, साधारण १,८०० आहेत. दारात रांगेनं उभ्या असतात, आवडेल ती उचलायची, कुठल्याही स्टँडवर सोडायची, परत येताना दुसरी घ्यायची. ना नाव लिहून घेतात, ना अनामत. कल्पना मूळची अ‍ॅमस्टरडॅमच्या बंडखोर पोरांची. त्यांनी १९६५ साली शहरात पांढऱ्या सायकली सगळ्यांसाठी म्हणून ठेवल्या आणि पोलिसांनी त्या उचलून नेल्या. शहरात जे टिकलं नाही, ते पुढं सत्तरच्या दशकात या जंगलात रुजलं. आपल्याकडं आठवतंय का गुरुजी, सायकल तासावर भाड्यानं मिळायची तेव्हा दुकानदार आधी विचारायचा, "कुणाचा तू?" वडिलांचं नाव वहीत गेल्याशिवाय सायकल हलायची नाही, आणि पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे. त्या वहीत वाढलेल्या माणसाला ही पांढरी रांग बघून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. मी तर आत शिरताना दोनदा मागं वळून पाहिलं, कोण हाक मारतंय का म्हणून.

एक गंमत सांगतो, तुमच्या उपयोगाची आहे. म्युझियम बघून बाहेर आलो आणि 'माझी' सायकल शोधत बसलो. सीट बरोबर बसवली होती ना! वीस मिनिटं शोधली. ती केव्हाच कुणीतरी घेऊन गेलं होतं. तिथं माझी सायकल असं काही नसतंच. म्हणून सायकलवर जर्किन, पिशवी, पाण्याची बाटली काही ठेवून जायचं नाही. आणि सीट प्रत्येक वेळी नव्यानं लावून घ्यायची, आळस करायचा नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र मी इतर पत्रांच्या आधी घेतलं. त्या सायकलींना हँडलवर ब्रेकच नाहीत.

ब्रेक पायडलमध्ये असतो. पायडल पुढं मारली की सायकल चालते, थांबवली की नुसती घरंगळते, आणि मागं दाबली की मागचं चाक अडतं. ऐकायला सोपं आहे. पण आपली पिढी ज्या काळ्या सायकलीवर शिकली तिला फ्री व्हील होतं, आणि उतारावर रिकामी पायडल उलटी फिरवत 'किर्रर्र' आवाज काढणं ही आपली चैन होती. ती सवय अजून पायात आहे, तुम्हाला पत्ता नसतो. मी पार्कात शिरल्यावर दोनशे मीटरवर छानशी झुळूक आली, झाडी आली, पाय आपोआप मागं फिरले आणि सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. पोट हँडलवर, एक पाय वाटेवर, दुसरा पाचोळ्यात. मागून येणाऱ्या एक आजी, ऐंशीच्या तरी असतील, उतरल्या, मला उभं केलं, काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्या बसून निघूनही गेल्या. त्या वळणाच्या पुढंही मला दिसत होत्या, पाठ ताठ. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तेव्हा चार महिन्यांत एकच गोष्ट शिकायची म्हणालात तर ही. इथल्या साध्या सायकलवर बसा आणि पायडल उलटी न फिरवण्याचं व्रत घ्या. चालवायचं थांबलात की दोन्ही पायडल जमिनीला समांतर धरून पाय स्थिर ठेवायचे. हीच स्थिती तिथं ब्रेक मारायलाही लागते, कारण एक पायडल वर आणि एक खाली असताना मागं दाबलं तर जोर मिळत नाही. उतरतानाचीही एक खोड आहे. आपण थांबल्यावर पायडल उलटी फिरवून उजवं वर आणतो, म्हणजे पुढच्या वेळी टाच मारायला बरं. त्या सायकलवर उभ्या-उभ्या ते होत नाही, उलटी फिरवली की ब्रेक लागतो. म्हणून थांबता-थांबताच उजवं पायडल जरा वर, पुढच्या बाजूला येईल अशा बेतानं थांबायचं. चुकलंच तर मागचं चाक उचलून पायडल पुढं फिरवा. दहा सकाळी एवढंच करा. पोरं हसतील, हसू देत.

टांग टाकून बसायची आपली पद्धतही सोडा. डावा पाय पायडलवर, उजव्या पायानं ढकलत पळायचं आणि मागून टांग टाकायची, हे तिशीत शोभतं. त्रेसष्टीत सायकल जरा कलती करून आधी पाय पलीकडं टाका, सीटच्या पुढं दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहा, उजव्या पायडलवर जोर द्या आणि मग सीटवर बसा. एकदा जमलं की तुम्हीच म्हणाल, इतकी वर्षं कसरत कशाला केली!

सराव कुठं, तर शाळेचं मैदान. उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, मैदान मेच्या अखेरपर्यंत रिकामं आहे, आणि गेटची किल्ली तुम्हाला कोण नाकारणार? सकाळी साडेसहाला जा. चुन्यानं मीटरभर रुंदीची एक वाट आखा, तिथल्या वाटा दुहेरी असतात आणि समोरून माणूस येतोच, त्यामुळं सरळ रेषेत चालवता आलं पाहिजे. तिथं उजवीकडून चालायचं आणि मागचा तुम्हाला डावीकडून ओलांडणार, म्हणून हँडल न हलवता डाव्या खांद्यावरून मागं बघायची सवय करा. हे मैदानातच हं. नंदगडच्या बाजारातून उजव्या बाजूनं सायकल काढली तर पत्र मला नाही, पोलिसांना लिहावं लागेल.

मैदान अंगवळणी पडलं की हलशीच्या रस्त्याला लागा. ऊस संपलाय, ट्रॅक्टर नाहीत. टिप्परवाले उजाडल्यावर तासाभरानं सुरू होतात, तुम्ही त्याआधी परत या. पण अंधारात निघू नका, लोकांना वाटतं पहाट म्हणजे सुरक्षित. उजाडलेलं हवं, तुम्ही दिसले पाहिजेत. मेच्या अखेरीपर्यंत न थांबता दहा किलोमीटर झाले की पुरे. आठवड्यातून एखाद्या दिवशी भूवराह नरसिंहाच्या देवळापर्यंत जाऊन कट्ट्यावर बसून या, कदंबांनी एवढं बांधून ठेवलंय ते बघायला कोण पहाटे जातं! बेळगावला पाहुण्यांकडं आलात तर रविवारी सकाळी कँपात चालवा. सपाट रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी मोठी झाडं आणि लष्कराच्या शिस्तीमुळं वाहनं बेतानं जातात. तुमच्या पार्कची थोडीशी चव आपल्याकडं कुठं मिळत असेल तर तिथं.

जूनपासून तुमच्याकडचा पाऊस काय सांगावा. ऑगस्टपर्यंत सायकल बाहेर काढायची गरज नाही. घरात हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठा आणि बसा, सकाळी पंधरा वेळा, संध्याकाळी पंधरा वेळा. गुडघ्यांवरचे स्नायू त्यानं धरून राहतात. डॉक्टरांना एकदा गुडघे दाखवून घ्या, ते म्हणाले सायकल चालवा तरच. बहुतेक म्हणतीलच, चालण्यापेक्षा सायकलवर गुडघ्याला भार कमी येतो. अट एकच, सीट खाली नको. आपल्याकडं पाय टेकावेत म्हणून सीट तळाशी बसवतात आणि मग गुडघे दुमडून दुमडून दुखतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, तेवढी उंची बरोबर. त्या पांढऱ्या सायकलींची सीट हातानं वरखाली होते.

वीस किलोमीटर एका दमात नको, मुलीला माझं नाव सांगा. एडेहून सगळ्यात जवळचं दार ओटरलोचं, आणि तिथून म्युझियम अडीच किलोमीटरच्या आसपास. ते पहिलं करा, उतरा, चित्रं बघा, डबा खा. मग जमेल तेवढी फेरी. (स्खार्सबेर्खनच्या दारानं गेलात तर मधोमध पोचायलाच दहा किलोमीटर.) झाडीत असेपर्यंत सगळं सोपं वाटेल. मग झाडी संपते आणि एकदम उघडं माळरान लागतं, मधेमधे तर चक्क वाळू, जंगलात कुणी किनारा आणून ओतलाय असं. तिथं वारा. सपाट मुलखात चढ नसतो, त्याचं काम वारा करतो, आणि त्या सायकलला गिअर नाही. वारा तोंडावर आला की उतरून चालायला लाजू नका. ऑगस्टअखेर पोचताय, तेव्हा त्या माळावर हेदर नावाच्या झुडपाला जांभळा बहर असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नर हरणं माजावर येऊन ओरडतात, संध्याकाळी ऐकू येतं. रानडुकरं आहेत, अलीकडं लांडगेही आलेत. मुलगी घाबरवेल. गवा बघितलेल्या माणसानं ते ऐकून घ्यावं आणि गप्प बसावं.

आता एक तुम्ही न विचारलेलं. 'हिला सायकल येत नाही, ती मुलीच्या कारमधून येईल.' तुमच्या एवढ्या पत्रात वहिनींना मिळालेली जागा एवढीच. कार म्युझियमपर्यंत जाते, बरोबर आहे. मग तुम्ही आणि मुलगी झाडीत, आणि वहिनी उपाहारगृहात पर्स सांभाळत तुमच्या वाटेकडं डोळे लावून. तीन महिन्यांच्या फोटोंत त्या सगळीकडं बाकावर बसलेल्या दिसतील. तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलंत. मैदान तेच, सुट्टी तीच, साडेसहाची वेळही तीच. त्यांना विचारून तरी बघा. नको म्हणाल्या तर विषय संपला. पण मला वाटतं आजवर त्यांना कुणी विचारलंच नसेल.

माझी मोठी बहीण ५६ व्या वर्षी शिकली. आठ सकाळी लागल्या. मागून कॅरिअर धरून पळायचं आणि न सांगता सोडून द्यायचं, ही आपली जुनी रीत मोठ्या माणसाला चालत नाही. पोर पडलं की उठतं, साठीतली बाई पडली की मनगट जातं. रीत उलटी करायची. मधला गज नसलेली बुटकी सायकल घ्या, नाती-पुतण्यांपैकी कुणाची तरी सापडेल. सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पुरते टेकले पाहिजेत. दोन्ही पायडल काढून टाका. मग बसून पायांनी जमीन ढकलत जायचं, लहान मूल तीनचाकी ढकलतं तसं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं चालल्यासारखं. मग एक ढकल लांब जाते, पाय दोन क्षण उचलले जातात, मग चार क्षण. तोल म्हणतात तो एवढाच, तो येतो तेव्हा कळत नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला पाय न टेकता घरंगळता आलं की पायडल परत लावा. साडीवर नको, पंजाबी ड्रेस घालायला सांगा आणि ओढणी घरी. तुम्ही शेजारून चालायचं, हात लावायचा नाही आणि सूचना द्यायच्या नाहीत. हे दुसरं तुम्हाला जड जाईल.

पायडल काढायला पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं नेहमीसारखं डावीकडं फिरवून सुटतं. डाव्याचा आटा उलटा असतो, ते उजवीकडं फिरवायचं. नाही सुटलं म्हणून जोर लावत बसाल तर आणखीनच घट्ट होईल.